पहिल्या पिढीचे विद्यार्थी: कागदपत्रे, वसतिगृह आणि डोंगर

ज्या घरात आई-वडील, काका-मामा किंवा थोरली भावंडे यांपैकी कोणीच महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरातून पदवीच्या वर्गात येऊन बसलेल्या मुलामुलींना उच्च शिक्षणाच्या चर्चेत ‘पहिल्या पिढीचे विद्यार्थी’ म्हणतात. व्याख्या सोपी असली तरी तिच्यात सामावलेली परिस्थिती एकसारखी नसते. अकोले तालुक्यातील महादेव कोळी कुटुंबातली मुलगी, बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराचा मुलगा आणि पुण्यातल्याच एखाद्या वस्तीत राहून घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी हे तिघेही या व्याख्येत बसतात, पण त्यांच्या अडचणी, त्यांच्या ओळखीपाळखी आणि शहराकडे पाहण्याची त्यांची नजर वेगवेगळी असते. तिघांत समान असते ते एवढेच की महाविद्यालयाचा कारभार कसा चालतो, कोणाला कधी भेटायचे, कोणती तारीख चुकली तर चालते आणि कोणती चुकली तर वर्ष जाते, हे सांगणारे घरात कोणी नसते. घरातून नकळत मिळणाऱ्या अशा माहितीला, सवयींना आणि बोलण्यावागण्याच्या रीतींना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ असे नाव दिले. शिकलेल्या घरांत ते वारशाने मिळते, आणि ते प्रत्येकाजवळ असणारच असे गृहीत धरून शिक्षणसंस्था आपले नियम आखतात.

प्रस्तुत लेखनाचा आधार पुणे शहरात शिकायला आलेल्या अशा विद्यार्थ्यांसोबत झालेले काम हा आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि अभ्यास यांत वर्षभर सोबत करणे हे त्या कामाचे एक अंग, आणि सह्याद्रीतील किल्ले व घाटवाटा यांवर विद्यार्थ्यांना घेऊन जाणे, अधिक नेमके सांगायचे तर त्यांच्याबरोबर जाणे, हे दुसरे. पहिले गरजेचे आणि दुसरे हौसेचे, असा समज देणगीदारांमध्ये सर्रास आढळतो आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती आधी दुसऱ्याला लागते. प्रत्यक्षात मदत मागता येणे ही गोष्ट दोन्ही अंगांच्या मुळाशी आहे. ती कशी, हे कागदपत्रांच्या बाजूने पाहिल्याशिवाय डोंगराच्या बाजूने कळत नाही.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा मुख्यतः वसतिगृहांची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहतील अशी व्यवस्था केली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली ठेवणारे शाहू बोर्डिंग सुरू केले, आणि पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली. भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीत मुलांचे अंगमेहनतीचे काम शिक्षणाचाच भाग मानले जाई, आणि ज्या मुलाचे हात घरी शेतात राबले आहेत त्याला आपल्या त्या कौशल्याची लाज वाटू नये, हा तिचा एक परिणाम होता. आजच्या मार्गदर्शन उपक्रमांनी या परंपरेकडून जेवढे घ्यायला हवे होते तेवढे घेतलेले नाही.

आता कागदपत्रांविषयी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते अशी ही यादी असते आणि प्रत्येक कागद दुसऱ्या एखाद्या कागदावर अवलंबून असतो. त्यांतील जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याची पडताळणी समितीने केलेली खातरजमा, सर्वांत अवघड. अर्जदाराच्या पूर्वजांची जात आणि वास्तव्य ठरावीक दिनांकापूर्वीच्या नोंदींतून दाखवावे लागते. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. पुरावा म्हणून सहसा पुढे केला जातो तो वडील, आजोबा किंवा चुलत आजोबा यांचा शाळेचा दाखला. जे घर शाळेत गेलेच नाही त्या घराकडे तो कोठून असणार? ज्याच्या घरात आजवर कोणी शिकले नाही त्याच्यासाठी असलेल्या सवलतीचा मार्ग आजोबांच्या शाळेतून जावा, यातली विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही असे नाही, पण तिच्यावर उपाय शोधण्याचे काम शेवटी सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर येऊन पडते. मग तहसील कार्यालयात जाऊन गाव नमुना १४ ची, ज्याला लोक अजूनही कोतवाल बुक म्हणतात त्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल मागायची, नोंद मोडीत असली तर जाणकाराकडून तिचे देवनागरीत लिप्यंतर करून घ्यायचे, आणि एखाद्या चुलतभावाला आधीच वैधता मिळाली असेल तर वंशावळीनिशी त्याच्या प्रमाणपत्राची प्रत जोडायची. भटक्या कुटुंबात तर आजोबांचा मुक्कामच हंगामागणिक बदलत असल्यामुळे कोणत्या गावच्या दफ्तरात शोधायचे, इथूनच प्रश्न सुरू होतो.

ऊसतोड मजुरांच्या मुलांची अडचण वेळेची असते. दिवाळीच्या आगेमागे ‘कोयता’, म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याकडे निघून जाते आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परतते. शिष्यवृत्तीच्या अर्जांची धावपळ बहुधा याच महिन्यांत चालते, आणि वडिलांच्या सहीची किंवा त्यांच्या आधारशी जोडलेल्या फोनवर येणाऱ्या ओटीपीची गरज लागते तेव्हा तो फोन कुठल्या तरी फडात बंद पडलेला असतो.

तरीही विद्यार्थी अडतो तो दर वेळी कागदाअभावीच अडतो असे नाही. महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज काही त्रुटी निघाल्यास विद्यार्थ्याकडे परत येतो, आणि तो दुरुस्त करून पुन्हा सादर करायचा असतो. अर्ज परत आला याचा अर्थ शिष्यवृत्ती नाकारली, असे समजून महिनाभर गप्प बसलेला विद्यार्थी या कामात नेहमी भेटतो. बँकेच्या पासबुकात आणि दाखल्यात आडनावाच्या एका अक्षराचा फरक, इतकीच ती त्रुटी असते. महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीवर जाऊन विचारले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. परंतु तो विचारत नाही, कारण खिडकीपलीकडून ‘बोर्डावर लावलंय, वाचता येत नाही का?’ असे ऐकावे लागेल याची त्याला धास्ती असते, आणि ती धास्ती निराधार नसते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अॅनेट लॅरो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात असे दाखवले आहे की मध्यमवर्गीय पालक मुलांना शिक्षक, डॉक्टर अशा अधिकारी माणसांशी बोलायला, प्रश्न विचारायला आणि आपल्यासाठी सवड मागायला लहानपणापासून तयार करतात, तर कष्टकरी घरांतील मुले अशा माणसांपुढे संकोचून राहायला शिकतात. अभ्यास अमेरिकेतला असला तरी ज्याने पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयासमोरची रांग लक्ष देऊन पाहिली आहे त्याला तो परका वाटणार नाही. आपल्याकडे त्यात मिंधेपणाची भर पडते. परक्या माणसाकडून मदत घेतली की तिची परतफेड करावी लागते, हा हिशेब खेड्यातून आलेल्या मुलाच्या मनात पक्का असतो, आणि परतफेडीची ऐपत नसल्याने तो मदत घेण्याचेच टाळतो. त्यामुळे स्वाधारसारखी निवास व भोजनाचा खर्च भागवणारी योजना २०१६-१७ पासून असली, किंवा वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात शंभर टक्के सवलत मिळू लागली, तरी ‘मला हे समजलं नाही, समजावून सांगा’ हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत त्या तरतुदींचा लाभ अर्धवट राहतो.

डोंगराचा संबंध येतो तो इथे. खुल्या निसर्गातील अनुभवांतून शिक्षण देण्याच्या आधुनिक पद्धतीचा उगम सांगताना जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांचे नाव घेतले जाते. त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, वेल्समधील अॅबरडोवी येथे ‘आउटवर्ड बाउंड’ या नावाने तरुणांसाठी शिबिरवजा शाळा सुरू केली. पुढे डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाधारित शिक्षणाचे चक्र मांडले, ज्यात प्रत्यक्ष अनुभव, त्यावर मागे वळून विचार, त्यातून काढलेले सूत्र आणि त्या सूत्राचा नव्या प्रसंगात केलेला वापर असे चार टप्पे येतात. या विचारांचे आपल्याकडच्या शिबिरांत झालेले रूपांतर मात्र बरेचसे माहितीपत्रकापुरते आहे. ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘धाडस’, ‘सुखासीनतेतून बाहेर पडा’ अशी भाषा त्यात असते. ज्या मुलीने चौथीपासून उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चढ चढला आहे, तिला कष्टाची सवय लागावी म्हणून किल्ल्यावर नेणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. राजगडाच्या पायथ्याला वाहनांची गर्दी पाहून एका विद्यार्थिनीने ‘ताई, चढायला माणसं इतक्या लांबनं पैसे खर्चून येत्यात?’ असे विचारले, तेव्हा तिचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. तिच्या गावात डोंगरावर जाण्यामागे गुरे, सरपण किंवा हिरडा यांपैकी काहीतरी कारण असते. या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकाजवळ तयार नसेल तर त्याने सहलीला न निघालेले बरे.

निघण्याआधीच्या अडचणीही पुस्तकी नसतात. या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण शनिवार-रविवारी केटरिंगला, म्हणजे मंगल कार्यालयांत वाढपी म्हणून जातात आणि त्या मजुरीवर मेसचे पैसे भागवतात, त्यामुळे ट्रेकची तारीख ठरवताना विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक आणि दिनदर्शिकेतील लग्नाचे मुहूर्त असे दोन्ही समोर ठेवावे लागतात. मुलींच्या बाबतीत मुक्कामाचा प्रश्न येतो. सोबत कोणत्या ताई आहेत, झोपायची सोय कोठे, वर फोन लागतो का, एवढे तिच्या आईला फोन करून स्वतः सांगितल्याशिवाय परवानगी मिळत नाही, आणि ते तसेच असायला हवे. बुटांचा विषय नाजूक असतो. गुळगुळीत तळाच्या चपला किंवा झिजलेले कॅनव्हासचे बूट कातळावर धोक्याचे, पण नवे बूट घ्या असे सांगणे म्हणजे येऊ नका असे सांगणे. म्हणून निरनिराळ्या मापांचे वापरलेले बूट गोळा करून ठेवणे आणि ते सर्वांनी, मार्गदर्शकांनीसुद्धा, त्याच ढिगातून निवडणे ही पद्धत सोयीची ठरली. अत्तर-डिओ लावायचे नाहीत, कारण कड्यांना आग्या मोहोळे असतात, आणि शेवटच्या माणसाला मागे टाकून कोणी पुढे जायचे नाही, हे दोन नियम मात्र कोणाच्याही सोयीसाठी वाकवले जात नाहीत.

गुंजवणे गावातून राजगडाच्या चोर दरवाजाकडे जाणारी वाट आधी झाडीतून आणि मग उघड्या सोंडेवरून चढत शेवटी उभ्या कातळापाशी येते, जिथे रेलिंगचा आधार घेत, खोबणीत पाय रोवत त्या लहानशा दरवाजापर्यंत पोहोचावे लागते आणि आत शिरले की पद्मावती माचीवरचा तलाव समोर दिसतो. चढताना नजर वर असल्यामुळे भीती कमी वाटते. उतरताना तीच जागा वेगळी होते, कारण पाय कोठे ठेवायचा ते दिसत नाही आणि दरी मात्र दिसते. सपाट मुलखातून आलेला, वर्गात हुशार गणला जाणारा मुलगा येथे दोन्ही हातांनी रेलिंग धरून बसून राहतो, आणि जिने सत्रभर वर्गात तोंड उघडलेले नाही अशी आंबेगावकडची मुलगी त्याच्या खाली उभी राहून सांगू लागते, ‘तोंड कातळाकडं कर. एक हात सोडू नको. आता उजवा पाय खाली सोड, अजून, अजून थोडा, हां, तिथं खोबण हाय.’ तो ‘कुठं? दिसत नाही’ असे विचारतो, ती पुन्हा सांगते, तो पुन्हा विचारतो. गिर्यारोहणात याला तीन आधारांचा नियम म्हणतात, म्हणजे दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले ठेवून एकच हलवायचा. परंतु नियमापेक्षा येथे महत्त्वाचे असते ते हे की त्या मुलाने वर-खाली उभ्या असलेल्या सर्वांच्या देखत दहा वेळा मदत मागितली आणि कोणालाही त्यात कमीपणा दिसला नाही. सांगणाऱ्या मुलीलाही आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याच्या उपयोगी पडते, असा शहरात आल्यापासूनचा तो बहुधा पहिला अनुभव असतो.

ज्ञानाच्या दिशेची ही उलटापालट मार्गदर्शकाच्याही वाट्याला येते. माणसांची वाट आणि ढोरवाट यांतला फरक, कारवीच्या काठ्यांचा कूड कसा विणतात, बाळहिरडा कोणत्या महिन्यात वेचतात आणि व्यापारी त्याला काय भाव देतो, हे डोंगराकडच्या मुलांना पाठ असते, आणि मार्गदर्शकाला ते खरोखरच माहीत नसते. त्याने विचारायचे आणि विद्यार्थ्याने सांगायचे, असे दोन दिवस गेले की पुढच्या आठवड्यात त्याच विद्यार्थ्याला इंग्रजीतील उतारा समजून घेण्यासाठी त्याच मार्गदर्शकाकडे येणे जड जात नाही. मिंधेपणाचा जो हिशेब आधी अडसर होता, तो येथे फिटलेला असतो. मात्र यासाठी विचारणे खरे असावे लागते. उत्तर ठाऊक असून कौतुकाच्या सुरात विचारलेला प्रश्न ही मुले चटकन ओळखतात.

डोंगरावरचा अनुभव आपोआप महाविद्यालयात उतरतो, असा दावा येथे करायचा नाही. तो उतरण्यासाठी कोल्ब यांच्या चक्रातील पुढचे टप्पे मुद्दाम घडवून आणावे लागतात. मुक्कामी खिचडी शिजत असताना सगळे गोल करून बसतात, तेव्हा आज कोठे अडलात आणि कोणाला विचारलेत, एवढे दोनच प्रश्न ठेवणे पुरेसे असते. त्यावर भाषण देण्याचा मोह आवरला तर मुले आपापल्या बोलीत मोकळेपणाने बोलतात. त्यानंतर आठ दिवसांच्या आत प्रत्येकाने शहरात एका ठिकाणी जाऊन एक प्रश्न विचारून यायचे, मग ते अंतर्गत गुणांविषयी प्राध्यापकांना असो, एटीकेटीचा फॉर्म कधी निघणार हे परीक्षा विभागाला असो, किंवा परत आलेल्या अर्जाविषयी त्या खिडकीवर असो, असे ठरवून दिले जाते. पहिल्या खेपेला सोबत एक मित्र न्यायला मुभा असते. दुसऱ्या खेपेला एकटे. हा भाग गाळला की उरते ती सहल, आणि तीत वाईट काही नसले तरी तिच्यासाठी शिक्षणाच्या नावाने पैसे मागू नयेत.

याच संदर्भात ‘मिशन शौर्य’ची आठवण होणे साहजिक आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या या मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले. आश्रमशाळेतील मुलांना योग्य प्रशिक्षण आणि साधने मिळाली तर ती जगातील सर्वोच्च जागी पोहोचू शकतात, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले, आणि शासनाने गिर्यारोहणासारखा खर्चिक विषय या मुलांच्या आवाक्यात आणला याचे श्रेय द्यायलाच हवे. तथापि अशी मोहीम निवडक काहींसाठीच असू शकते. निवड न झालेल्या मुलाला शिष्यवृत्तीच्या खिडकीपर्यंत पोहोचवणे हे निराळे काम आहे, त्याला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही आणि त्यासाठी राजगड, राजमाची किंवा विद्यार्थ्याच्याच गावामागची टेकडी पुरते.

या सर्व प्रयत्नांनंतरही काही विद्यार्थी गळतात. कोणाच्या वडिलांचा अपघात होतो, कोणाचे लग्न ठरते, कोणी पोलीस भरतीच्या तयारीसाठी पदवी अर्धवट सोडतो, आणि यांतील प्रत्येक निर्णय बाहेरून दिसतो तितका अविचारी नसतो. मार्गदर्शकही टिकत नाहीत; नोकरी बदलली, मूल झाले, बदली झाली की वर्षभरात चेहरे बदलतात, आणि ज्या मुलीने मोठ्या मुश्किलीने एका ताईला मनातले सांगायला सुरुवात केली तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून किमान तीन वर्षे, म्हणजे विद्यार्थ्याची पदवी पूर्ण होईपर्यंत, सोबत राहण्याची तयारी नसलेल्याला एकाच विद्यार्थ्याची जबाबदारी न देता कागदपत्रांच्या किंवा बुटांच्या कामाला लावणे अधिक न्याय्य ठरते.

ज्या वाचकांना या कामात हातभार लावावासा वाटेल त्यांना विनंती एवढीच की डिसेंबरातील ट्रेकला नाव देण्याआधी जून-जुलैमध्ये, प्रवेशफेऱ्या चालू असताना, आठवड्यातली एक सकाळ मोकळी ठेवावी. ट्रेकसाठी माणसे पुष्कळ मिळतात. तहसील कार्यालयात विद्यार्थ्याबरोबर कोतवाल बुकाच्या नकलेसाठी थांबायला ती नेहमी कमी पडतात.